नेम गुलाबचा, गुण शालिकचे

सेक्टर ५, भिलाई
रविवार, २७ नोव्हेंबर १९६६

प्रिय शालिक,

पाकिटावर भिलाईचा शिक्का बघून तुला आधी वाटलं असेल की इथलं कोणी गेलं. कोणी गेलेलं नाही. सगळे ठणठणीत आहेत, मी तर जरा जास्तच. पोट सुटलं आहे आणि चष्मा लागला आहे. टाइम ऑफिसात तीच खुर्ची, तीच खिडकी, आणि बायको म्हणते तशी तीच खोड, म्हणजे जे आपल्याला कोणी विचारलेलं नाही ते मोजत बसायची. तुझा पत्ता देवाजीने आणला, आपल्या क्रेनवरच्या देवाजीने. दिवाळीत तो सासुरवाडीला तुमसरला गेला होता. बाजारात तू भेटलास, मॅंगनीजच्या खाणीत जातोस म्हणालास, दोन मुली आहेत म्हणालास. "अजून रोजीवरच आहे बिचारा," हे देवाजीने सुपारी कातरता कातरता सांगितलं. त्याला त्यात विशेष काही वाटलं नाही. मी मात्र त्या दिवशी जेवताना दोनदा मीठ मागितलं आणि दोनदा घ्यायला विसरलो.

आडपडदा न ठेवता सांगतो, हे पत्र त्या जागेबद्दल आहे. एकसष्टच्या मार्चमध्ये बांधकाम आटोपत आलं होतं, तुम्हा सगळ्यांची नावं कमी करायच्या यादीत गेली होती, आणि क्लबच्या सेक्रेटरीसाहेबांनी मला बोलावून सांगितलं होतं की आपल्या बास्केटबॉलच्या संघातला एक माणूस रेल मिलमध्ये पर्मनंट घेता येईल, तुम्ही लिहिता त्या वहीतले गुण बघून नाव द्या. मी गुलाबचं नाव दिलं. तू दुसऱ्या आठवड्यात दुर्गला गाडीत बसलास. आता कारखाना पुन्हा वाढतो आहे, जुन्या बांधकामातल्या माणसांना बोलावताहेत, आणि त्या यादीसाठी मी तुझं नाव दिलं आहे. यादीतल्या सगळ्यांच्याच मुलाखती आहेत, तुझी १९ डिसेंबरला. त्याचा सरकारी कागद तुला वेगळा येईलच. पण तो घेऊन तू निघण्याआधी काही गोष्टी तुला माहीत असायला हव्यात, आणि त्या सांगायला मला जरा लांबून यावं लागेल. मी सरळ मुद्द्यावर येणारा माणूस नाही हे तुला नव्याने सांगायला नको.

यंदा उन्हाळ्यात आपल्या क्लबला पगारी कोच आले. गळ्यात शिट्टी, पायात पांढरे बूट. पहिल्याच दिवशी सगळ्यांना ओळीत उभं करून म्हणाले, तुमच्यात शूटर कोण आणि स्कोअरर कोण ते आधी सांगा. खेळाडू एकमेकांकडे बघायला लागले. मी बाजूला वही घेऊन बसलो होतो, मीही बघायला लागलो. आपण तर दोन्ही एकच समजत होतो. जो बॉल चांगला टाकतो तो गुण आणतो, त्याला दोन नावं कशाला? कोचसाहेब नुसतं बघत राहा म्हणाले. मला कोणी असं अर्धवट सांगितलं की माझं काय होतं ते तुला ठाऊक आहे. चार महिने मी दुसरा विचार केला नाही. भाजी आणायला गेलो तरी डोक्यात गुलाब आणि तू, तू आणि गुलाब. एकदा तर वांगी घ्यायची सोडून वांगीवालीच्या टोपलीत टोमॅटो कुठून पडेल याचाच अंदाज करत उभा राहिलो आणि तिने मला हटकलं.

मला वाटतं सगळं मूळ तुळया जोडायच्या त्या लोखंडी रिपिटांत आहे. सत्तावन्न-अठ्ठावन्नला मी दुपारचा डबा खाऊन रोज तुमची गँग बघायला यायचो. वास्तविक मला यार्डात काही काम नसायचं, हजेरी सकाळीच झालेली असायची. खाली भट्टीपाशी गुलाब. लाल झालेलं रिपिट तो सांडशीत धरायचा, हात मागे न्यायचा आणि वर फेकायचा. वीस-पंचवीस फुटांवर, लोखंडी तुळईवर पाय फाकवून तू उभा, हातात टिनाचा डबा. रिपिट ठिणग्या उडवत वर यायचं आणि टण्ण आवाज करून डब्यात पडायचं. तू ते काढून भोकात बसवायचास, हातोडेवाले ते ठोकायचे, तोवर दुसरं हवेत असायचं. दिवसाकाठी शेकडो रिपिटं, आणि खाली पडलेली मी कधी पाच-सातच्या वर मोजली नाहीत. रशियन इंजिनियरसुद्धा चालता चालता थांबत. फोरमनसाहेब म्हणायचे, "काय हात हाय पोट्ट्याचा." सगळे गुलाबकडे बघत. मीही खालीच बघायचो, कारण वर बघितलं की डोळ्यांत ऊन जायचं.

मग अठ्ठावन्नच्या हिवाळ्यात क्लबमागे मैदान झालं. मुरूम पसरला, चुन्याच्या रेघा मारल्या, रिंगा आपल्याच यार्डात सळई वाकवून केल्या. फोरमनसाहेबांनी गुलाबला हाताला धरून आणलं; जो पंचवीस फुटांवरच्या डब्यात रिपिट टाकतो तो दहा फुटांवरच्या रिंगेत बॉल टाकणार नाही तर कोण टाकेल. आणि खरंच, पहिल्याच आठवड्यात गुलाबचा बॉल बघायला गेटवरचे शिपाई येऊन उभे राहायला लागले. त्याचा हात सुटला की बॉल वर चढायचा, वळायचा आणि रिंगेला न शिवता खाली यायचा. तुला कोणी आणलं नव्हतं. तू गुलाबसोबत आला होतास, कारण तुम्ही यायचात-जायचात सोबतच, आणि संघात पाचवा माणूस कमी पडत होता.

तुझा खेळ, राग मानू नकोस, बघवत नव्हता. बॉल घेऊन तू चौघांच्या मधून घुसायचास, कोणाच्या कोपराखालून हात काढायचास, पडायचास आणि पडता पडता बॉल वर भिरकावायचास. तो दोनदा रिंगेवर नाचायचा आणि नाइलाज झाल्यासारखा आत जायचा. गुडघे कायम सोललेले, त्यावर हळद. समोरच्याने ढकललं की जे बिनविरोध टाकायला मिळतात ते एकेका गुणाचे फ्री थ्रो, ते तर तू दोन्ही हातांनी मांड्यांमधून वर उपसायचास, विहिरीतून घागर काढतात तसे. आत गेला तरी लोक हसायचे. गुलाबच्या बॉलला टाळ्या पडायच्या आणि तुझ्या बॉलला हशा. त्या हशात माझा आवाज असायचा, आणि माझा आवाज मोठा आहे.

साठ सालातला तो रविवार तुला आठवतो का, मी तुम्हा दोघांना विनाकारण उन्हात उभं केलं होतं? मला बघायचं होतं की पन्नास बॉलांतले किती जातात. गुलाबने पन्नासातले एकेचाळीस टाकले. तू वीस. हे मला अपेक्षितच होतं. मग सहज वाटलं म्हणून देवाजीला म्हटलं, तू समोर हात वर करून उड्या मार. देवाजी कसा उड्या मारतो ते तुला माहीत आहे, जीव तोडून. गुलाबचे पन्नासातले सतरा गेले. तुझे बावीस. मी गेटपासाच्या मागे आकडे लिहिले आणि चक्रावून बसलो. देवाजीच्या उड्यांनी गुलाबचे निम्म्याहून जास्त गळले आणि तुझे दोन वाढले. तू कपाळावरचा घाम पुसत म्हणालास, "समोर कोणी नसन तं कोनीकडून घुसू तेच समजत नाही मले, बाबू." आम्ही सगळे हसलो. तो गेटपास मी टाकून दिला. आज वाटतं, त्या रविवारी मला सगळं समजायला हवं होतं, कारण ते माझ्याच हातात लिहिलेलं होतं.

गुलाबला जागा लागते. पाय टेकवायला जागा, हात मागे न्यायला जागा, क्षणभर श्वास. भट्टीपाशी ती त्याला रोज मिळायची, तिथे त्याच्या अंगावर कोणी येत नव्हतं. ती मिळाली की तो आजही चुकत नाही. तुला जागा मिळाली तर तू बावचळायचास. तुझा जन्म तुळईवर गेला, जिथे पाय ठेवायला वीतभर पट्टी आणि येणारं रिपिट आज उजवीकडे, उद्या डावीकडे. जे येईल त्याच्याकडे तू जायचास. म्हणून मी कोचसाहेबांना माझी व्याख्या लिहून दाखवली: बॉल कसा टाकावा हे ज्याला कळतं तो शूटर, आज गुण कुठून निघतील हे ज्याला कळतं तो स्कोअरर. त्यांनी ती वाचली, चिठ्ठी परत दिली आणि म्हणाले, बाबू, तुम्ही वहीच सांभाळा. तरी मला ती बरी वाटते. पाठीमागे दुसरी एक लिहिली होती, ती त्यांना दाखवली नाही: शूटरचं नाव बघणारे विचारतात, स्कोअररचं नाव समोरचा संघ विचारतो.

ही दुसरी मला वलेरीसाहेबांवरून सुचली. रशियन इंजिनियरांच्या संघाशी आपण साठच्या डिसेंबरात खेळलो आणि सहा गुणांनी हरलो, तेव्हाची गोष्ट. सामना संपल्यावर प्रेक्षक गुलाबभोवती जमले. वलेरीसाहेब, तो लाल दाढीवाला उंच माणूस, माझ्या टेबलाशी आला आणि त्याने सदरा वर केला. बरगडीवर हाताएवढा लाल डाग. मग त्याच्या दुसऱ्या सोबत्याने दंड दाखवला, तिसऱ्याने मांडी. मी घाबरलो, मला वाटलं तक्रार आहे. दुभाष्याने सांगितलं, तक्रार नाही, ते विचारताहेत की तो बुटका कोण, त्याचं नाव काय. मी तुझं नाव सांगितलं. वलेरीसाहेबांनी ते चार वेळा घोकलं, 'शालिकराम, शालिकराम', आणि सगळे खूश होऊन गेले. मी वहीत लिहिलं: रशियन खेळाडूंस किरकोळ मार. आपल्या संघातल्या कोणी काय केलं त्याचा विचारच केला नाही.

आता वहीचं सांगतो, कारण सगळा घोटाळा तिच्यात आहे. मला गुण लिहायला कोणी शिकवलं नव्हतं. नियमांचं पुस्तक इंग्रजीत होतं आणि ते साहेबांच्या कपाटात कुलपात होतं. मी टाइम ऑफिसचा माणूस, मी हजेरीपटासारखी वही आखली. डावीकडे नावं, पुढे प्रत्येकाच्या बास्केटी. फ्री थ्रोचं काय करावं ते मला कळेना. मी विचार केला की हे गुण कोणी कमावलेले नाहीत, समोरच्या संघाने अपराध केला म्हणून वसूल झालेला हा दंड आहे. आणि कामगाराकडून वसूल केलेला दंड आपल्याकडे कोणाच्या नावे जमा होत नाही, तो सगळ्यांच्या कल्याण निधीत जातो. म्हणून मी खाली 'संघ' असा एक रकाना पाडला आणि सगळे फ्री थ्रो त्यात टाकले. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं त्या दिवशी. बाजूला 'शेरा' होता, अपघाताच्या रजिस्टरात असतो तसा. कोणाला ढकललं, कुठे लागलं, ते मी त्यात इमानाने लिहायचो. 'शालिकराम पडला, डावा गुडघा, दोन टाकले.' असं.

तर यंदा कोचसाहेबांनी मला गुण लिहायची खरी पद्धत शिकवली. फ्री थ्रो ज्याने टाकला त्याच्याच नावापुढे लिहायचा, बारीक गोल करून.  घरी येऊन मी एकसष्टच्या स्पर्धेची वही काढली, फक्त हाताला सवय व्हावी म्हणून, असं बायकोला सांगितलं. सहा सामने होते. मार्चमध्ये मी साहेबांना जे आकडे दिले होते ते वर लिहिलेले होते: गुलाब चौऱ्याहत्तर, शालिकराम अडतीस. मी शेऱ्याचा एकेक शब्द वाचत फ्री थ्रो ज्याचे त्याच्या नावापुढे मांडत गेलो. 'संघ' रकान्यात बावन्न गुण होते. त्यातले तीन गुलाबचे निघाले, तीन इतरांचे. सेहेचाळीस तुझे. गुलाब सत्त्याहत्तर, शालिकराम चौऱ्याऐंशी. मी तीनदा बेरीज केली. ती तीनदा तीच आली, आणि तिसऱ्यांदा मी ती वेगळी यावी म्हणून करत होतो.

आणि शालिक, नुसती बेरीज नाही. ज्या दोन सामन्यांत समोरच्यांनी गुलाबला दोन-दोन माणसं लावली, त्या दोन्हींत त्याच्या नावापुढे मिळून चार बास्केटी आहेत. ते दोन्ही सामने आपण जिंकले. कसे जिंकले ते पाच वर्षं माझ्या कपाटात लिहिलेलं पडलं होतं, डावा गुडघा, उजवा गुडघा, ओठ फुटला, दोन टाकले, दोन टाकले, एक टाकला.

मनकर्णेला मी सांगितलं. माझी धाकटी बहीण तुला आठवते ना, सामन्याच्या दिवशी तुम्हा सगळ्यांना पिठलं-भाकरी आणून द्यायची. ती आणि गुलाब आता सेक्टर सहामध्ये राहतात, दोन मुलं आहेत, गुलाब रेल मिलमध्ये शिफ्टचा मोठा माणूस झाला आहे. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "दादा, हे तू आता कावून सांगून राहिला?" मी म्हणालो, आता कळलं म्हणून. ती उठून स्वयंपाकघरात गेली. गुलाब पाटावर जेवत होता. त्याचा हात थांबला नाही. जेवण झालं, हात धुतले, मग म्हणाला, "मले मालूम होतं, भाऊ." मी विचारलं, काय मालूम होतं? तो म्हणाला, "रिपिट इकडे तिकडे गेलं का शालिक डबा हालवे. म्हणून माया नेम दिसे. रिंग थोडी हालते कोणासाठी." मग विचारलं, तेव्हा बोलला का नाहीस? चांगल्या नोकरीत असलेल्या माणसाला असं विचारणं सोपं असतं, विशेषतः ती नोकरी आपणच त्याला दिलेली असताना. दुसऱ्या दिवशी तो पहिल्या शिफ्टहून परस्पर माझ्या ऑफिसात आला आणि म्हणाला, "शालिकचा अर्ज कर. मायी सही कुठं लागन तं सांग." तुझ्या अर्जावर शिफारस म्हणून त्याचीच सही आहे.

आता गेल्या गुरुवारचं. तुझा अर्ज घेऊन मी भरतीच्या साहेबांकडे गेलो. सोबत जुनी वही, नवी बेरीज, आणि माझा खुलासा: 'नोंदीच्या पद्धतीतील अनवधानाने झालेल्या चुकीमुळे सदर कामगाराचे गुण कमी दिसले.' हे वाक्य जमवायला मला दोन दिवस लागले होते. साहेब तरुण आहेत पण वाचतात नीट. त्यांनी वही उलटून पालटून बघितली आणि म्हणाले, देवराव, नोंदीची चूक असेल तर मी या माणसाचं नाव साध्या यादीत लावू शकतो, आणि तिथे वर दोनशे जण आहेत, त्याचा नंबर येईपर्यंत भरती संपेल. जाणूनबुजून डावललं गेलं असेल तर गोष्ट वेगळी, मग त्याचा हक्क पहिला. तुम्ही सांगा, चूक झाली होती की डावललं होतं? मी म्हणालो, साहेब, चूक.

हे पत्र त्या एका शब्दासाठी आहे. एकसष्टच्या मार्चमध्ये, मी नाव द्यायच्या आदल्या दिवशी, तू माझ्या खिडकीशी आला होतास. कामावरून तसाच आला होतास, टोपी हातात. म्हणालास, "देवरावभाऊ, मी पडलो का तुमी बाजूले काई लिवता, थे एक डाव मोजून पाहाल का? नाव कोनाचंबी द्या, फक्त मोजून पाहा." मी म्हणालो, वही साहेबांकडे गेली. तू बरं म्हणालास आणि गेलास. वही माझ्या खणात होती. तू वळल्यावर मी ती काढली, पहिल्या सामन्याचं पान उघडलं, शेऱ्यात तुझं नाव नऊ वेळा दिसलं, आणि मी वही मिटली. कारण त्याच्या आठ दिवस आधी आमच्या घरी मनकर्णेचं गुलाबशी ठरलं होतं आणि बाबांनी सुपारी फोडताना सांगितलं होतं, पोरगा पर्मनंट असन तरच. त्या पहिल्या पानापर्यंत माझी चूक होती. पुढची पाच पानं मी उघडली नाहीत, ती चूक नव्हती. तुझी साडेपाच वर्षं त्या पाच पानांत गेली, शालिक, आणि गुरुवारी साहेबांनी विचारलं तेव्हा मी ती पुन्हा उघडली नाहीत, कारण माझं नाव मोठ्या बाबूच्या जागेसाठी गेलेलं आहे. शुक्रवारी आणि काल मी साहेबांच्या दारापर्यंत गेलो आणि परत आलो. माझ्याच्याने तेवढं झालं नाही, म्हणून हे लिहून तुझ्या हाती देतो आहे. मुलाखतीला आलास की आधी हे पत्र साहेबांच्या टेबलावर ठेव, मग बोल. गुलाबकडे आणि मनकर्णेकडे बघून तू ते खिशातच ठेवशील, एवढा मी तुला ओळखतो, म्हणून आज संध्याकाळीच त्यांच्या घरी जाऊन हे सगळं सांगणार आहे. तुला कोणाची भीड उरणार नाही. एकोणीसला सकाळी मी दुर्गला फलाटावर असेन. ओळख दाखवली नाहीस तरी चालेल. मी तुझ्या मागून ऑफिसापर्यंत येईन, कारण साहेब विचारतील की हे कोणी लिहिलं, आणि तेव्हा दाराशी उभं राहून मी लिहिलं असं म्हणायला मी तिथे असायला हवा.

तुझाच म्हणवून घ्यायचं तुझ्यावर सोपवून,
देवराव